त्याच रात्री, त्याच नाक्यावर

“गाडी पेट्रोलवर चालते, लायसन्सवर नाही.” दारू पिऊन पुन्हापुन्हा गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स काढून घ्यावं, असं कुणी म्हटलं की हे उत्तर हमखास येतं. चहाच्या टपरीवर येतं, वकिलांच्या बाररूममध्ये येतं, नाकाबंदीत रात्रभर उभं राहून कंटाळलेल्या हवालदाराच्या तोंडूनही येतं. वाक्य टाळीचं आहे आणि त्यात तथ्यही आहे, म्हणून ते नुसतं झटकून टाकता येत नाही. पण याच वाक्याचा आधार घेऊन आपण एक अत्यंत उपयोगी तरतूद कागदावर पडू दिली आहे, आणि त्याची किंमत रस्त्यावरून चालणारी, दुचाकीवरून घरी परतणारी माणसं जिवाने चुकवत आहेत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ‘आपल्याकडे कायदाच ढिला’ हा आणखी एक लाडका समज आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही तितकीच. म्हणजे आपली मर्यादा त्यांच्या निम्म्याहून कमी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दोष सिद्ध झाला की किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवणं हे कलम २० ने न्यायालयावर बंधनकारक केलं आहे.

त्याच दुरुस्तीने कलम २०६ मध्ये एक उपकलम घातलं, आणि या लेखाचा सगळा भार त्यावर आहे. पिऊन गाडी चालवल्याचं मानण्यास कारण असेल तर पोलिसाने लायसन्स तिथेच ताब्यात घ्यायचं आणि आरटीओकडे पाठवायचं. बदल्यात जी पावती द्यायची, तिच्यावर गाडी चालवता येणार नाही, असं कायदा स्पष्ट शब्दांत सांगतो. इतर काही कारणांसाठी लायसन्स जप्त झालं तर मिळणारी पावती तात्पुरत्या लायसन्ससारखी चालते. या गुन्ह्यात ती चालत नाही. पुढे कलम १९ प्रमाणे आरटीओने सुनावणी घेऊन पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवावं आणि दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच करावं. त्याआधी २०१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने सर्व राज्यांना किमान तीन महिन्यांच्या निलंबनाचे निर्देश दिले होते. तेव्हा कायदा ढिला आहे, हा आक्षेप इथेच निकालात निघतो.

आता ‘पेट्रोलवर चालते’ या आक्षेपाकडे येऊ. निलंबित माणूस गाडी चालवतच राहतो, हे खरं आहे का? खरं आहे. या प्रश्नाचा सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाला आणि तिथला अंदाज असा की लायसन्स निलंबित झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांशापर्यंत लोक केव्हा ना केव्हा गाडी घेऊन बाहेर पडतातच. आक्षेप घेणारे इथे थांबतात. पण त्याच अभ्यासांत पुढचा भाग आहे: हे लोक पूर्वीपेक्षा कमी गाडी चालवतात आणि जपून चालवतात, कारण एखाद्या किरकोळ चुकीसाठी पोलिसाने थांबवलं तरी सगळं उघडं पडेल ही धास्ती असते. म्हणजे निलंबन काळातही धोका शून्यावर येत नाही, पण घटतो. जो उपाय धोका घटवतो त्याला, तो शून्यावर आणत नाही म्हणून निरुपयोगी ठरवायचं, हा न्याय आपण हेल्मेटला लावतो का?

याहून महत्त्वाचा पुरावा २००७ साली पुढे आला. फ्लोरिडा विद्यापीठातले अलेक्झांडर वॅगेनार आणि मिल्ड्रेड माल्डोनाडो-मोलिना यांनी अमेरिकेतल्या ४६ राज्यांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. काही राज्यांत पोलीस श्वासचाचणीत सापडलेल्याचं लायसन्स तत्काळ काढून घेत, खटल्याची वाट न पाहता. इतरत्र निलंबन दोष सिद्ध झाल्यावर, म्हणजे महिन्यामहिन्यांनी येई. पहिल्या प्रकारात दारूशी संबंधित प्राणघातक अपघातांत सुमारे ५ टक्के घट दिसली. वर्षाला किमान ८०० जीव वाचतात, असा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्या प्रकारात ठळक असा काहीच परिणाम दिसला नाही. शिक्षा नावाने एकच होती, फरक होता तो ती केव्हा लागू झाली याचा.

हा निष्कर्ष आपल्यासमोर ठेवून बघा. आपल्याकडे अनेकदा काय होतं? यंत्रात फुंक मारायला लावतात, गाडी ठाण्यात जाते, माणूस घरी जातो. काही दिवसांनी कोर्टात गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, गाडी सोडवून आणतो आणि तीच गाडी चालवत परत जातो. लायसन्सचा प्रस्ताव मात्र कागदाच्या गतीने आरटीओकडे निघालेला असतो. नोटीस निघते, ती जुन्या पत्त्यावर जाते, सुनावणीची तारीख पडते, पुन्हा पडते. शेवटी निलंबनाचा आदेश निघतो तोवर त्या रात्रीची आठवणही पुसट झालेली असते. ज्या प्रकारचं निलंबन निष्प्रभ असल्याचं अमेरिकेत दिसून आलं, नेमकं तेच आपण राबवलं. कायद्याने दिलेलं दुसरं, ताबडतोबीचं, आपण पुरतं आजमावलेलंच नाही. मग ‘निलंबनाने काही होत नाही’ हे आपण कोणत्या अनुभवावरून म्हणतो?

यावर दुसरा पक्ष उठून म्हणतो, लायसन्सबियन्सचं सोडा, सरळ तुरुंगात टाका. दोन महिने आत बसला की पुन्हा बाटलीला हात लावणार नाही. एखादा भीषण अपघात घडला की त्या आठवड्यात हा पक्ष सर्वांत मोठ्याने बोलतो, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या तोंडी हे शब्द आले तर त्यावर वाद घालायला मी जाणार नाही. पण धोरण ठरवताना वाद घालावाच लागेल. एच. लॉरेन्स रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी मद्यपी चालकांना धाक कशाने बसतो या प्रश्नाला आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग दिला. ब्रिटनमध्ये १९६७ साली श्वासचाचणीचा कायदा आला तेव्हा अपघात एकदम खाली आले आणि पुढे हळूहळू पुन्हा वर गेले. शिक्षा त्या काळात सौम्य झाली नव्हती. सुरुवातीला लोकांना वाटलं की आपण नक्की सापडणार. अनुभवाने कळलं की सापडण्याची शक्यता फारच थोडी आहे. रॉस यांनी वारंवार दाखवलं ते हेच, की शिक्षेच्या कडकपणापेक्षा ती मिळण्याची खात्री माणसाला आवरते.

हे समजायला ब्रिटनला जायची गरज नाही. मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ मध्ये मोठ्या नेटाने मोहीम उघडली, लोकांना खरोखर काही दिवसांच्या कोठडीत जावं लागलं, आणि शहरात त्याची चर्चा झाली. पार्टीला जाताना टॅक्सीने जायचं ही सवय अनेक मुंबईकरांना त्या काळात लागली. आजही ३१ डिसेंबरला, धुळवडीला, गटारीला नाकाबंदी असते आणि त्या रात्री लोक सांभाळतात. पण सराईत मद्यपी चालक तारीख बघून पितो का? तो ३१ तारखेला रिक्षाने जातो आणि २ जानेवारीला पुन्हा स्वतःच्या गाडीने. कुठल्या पुलाखाली पोलीस उभे आहेत हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याला आधीच कळलेलं असतं. नाक्याच्या अलीकडे शंभर पावलांवर गाडी थांबवून न प्यायलेल्या मित्राला हँडलवर बसवलं जातं. अशा माणसाला दोन वर्षांच्या कैदेची तरतूद ऐकवून काही होत नाही. ती आपल्याला लागेल असं त्याला वाटतच नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. रिक्षावाला, टेम्पोवाला, पिकअप चालवणारा, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, यांचं लायसन्स म्हणजे चूल. ते काढून घेतलं की शिक्षा बायकोला आणि पोरांना होते. हे खोटं नाही. पण याच घरांना १०,००० रुपयांचा दंड काय करतो तेही बघा. महागडी गाडी बाळगणाऱ्याला तो एका रात्रीच्या बिलाएवढा आहे आणि टेम्पोवाल्याला महिन्याच्या कमाईचा मोठा हिस्सा. निलंबनाचे तीन महिने दोघांनाही तीनच महिने असतात. श्रीमंत माणूस ड्रायव्हर ठेवेल, असं कुणी म्हणेल. ठेवू द्या. तो मागच्या सीटवर बसला की आपलं काम झालं. त्याने हालअपेष्टा भोगाव्यात हा निलंबनाचा हेतूच नाही, स्टिअरिंग त्याच्या हातून निघावं एवढाच आहे. आणि ज्याची रोजीरोटी रस्त्यावर आहे त्याच्या भरवशावर इतरांची पोरं शाळेत जातात, कामगार रात्रपाळीहून परततात. उंचावर काम करणारा माणूस पिऊन आला तर मुकादम त्याला परांचीवर चढू देत नाही. तेव्हा त्याच्या मजुरीचा प्रश्न कुणी काढत नाही. हवं तर पहिल्या वेळी धंद्याच्या गाडीपुरतं निलंबन आधी आणि कडक करा. विशिष्ट प्रकारच्या वाहनापुरतं अपात्र ठरवण्याची मुभा कायद्यात आहे. पण ‘पोट आहे’ म्हणून दुसऱ्यांदा सापडलेल्याला पुन्हा गाडी देणं, ही दया रस्त्यावरच्या इतरांच्या खर्चाने केलेली असते.

आकड्यांचाही एक आक्षेप आहे, तो थोडक्यात आटोपतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं अपघातांत मेली आणि त्यातली दारू किंवा अमली पदार्थांमुळे मेलेली दाखवली ती सुमारे ४,२००, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. मग एवढा गाजावाजा कशाला? कारण त्या तक्त्यात प्रत्येक मृत्यू एकाच कारणाखाली मोजला जातो, आणि सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू ‘अतिवेग’ या एका रकान्यात जातात. पिऊन भरधाव जाणारा कोणत्या रकान्यात बसला हे पंचनामा लिहिणाऱ्यावर आणि वेळेत रक्त तपासलं गेलं की नाही यावर ठरतं. आणि अडीच टक्केच धरले तरी ती ४,२०० माणसं आहेत.

मग येतो कल्याणीनगरचा दाखला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा, म्हणजे लायसन्सचा प्रश्नच नाही. ज्याच्याकडे लायसन्सच नाही त्याचं काय निलंबित करणार? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि खेडोपाडी तर लायसन्सविना दुचाकी चालवणारे पदोपदी भेटतात. या प्रश्नातून निलंबन चुकीचं आहे असं मात्र निघत नाही. माणसावरची बंदी त्याच्या हाताखालच्या गाडीपर्यंत पोहोचली पाहिजे, एवढं निघतं. आणि तीही सोय कायद्यात आहे. वैध लायसन्स नसताना चालवलेली गाडी कलम २०७ खाली अडकवून ठेवता येते. अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० लागतं. पिऊन चालवण्याच्या गुन्ह्याला मदत करणाऱ्याला कलम १८८ प्रमाणे त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. कॅलिफोर्नियाने १९९५ पासून निलंबित आणि लायसन्सविना चालकांच्या गाड्या तीस दिवस ताब्यात ठेवायला सुरुवात केली, तेव्हा अशा चालकांचे पुढचे गुन्हे आणि अपघात घटल्याचं आढळलं. जपानमध्ये फुकुओका इथे २००६ साली मद्यधुंद चालकाच्या धडकेने एका कुटुंबाची तीन लहान मुलं समुद्रात बुडून गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गाडी देणारा, दारू पुरवणारा आणि चालक प्यायलेला आहे हे ठाऊक असून शेजारी बसणारा, या तिघांनाही आरोपी केलं. आपल्या गावात ‘चल, बसतो मागे, काही नाही होत’ म्हणणारा मित्र कुठल्याच हिशेबात नसतो.

कल्याणीनगर प्रकरणाने आणखी एक गोष्ट उघडी केली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. पण पुरावा रुग्णालयाच्या वाटेवर बिघडू शकत असेल, तर रस्त्यावर, पहिल्या मिनिटाला घेतलेली श्वासाची नोंद किती मोलाची ठरते? ती नोंद यंत्रातून थेट ‘सारथी’ या देशभरच्या लायसन्सच्या नोंदवहीत गेली पाहिजे, हवालदाराच्या किंवा साहेबाच्या मर्जीतून वळण न घेता.

कारण ताबडतोब निलंबन म्हटलं की आणखी एक आक्षेप तयारच असतो: पोलिसाच्या हाती आणखी एक अधिकार द्या म्हणजे नाक्यावरच्या चिरीमिरीचा भाव वाढेल. ही भीती ज्याने कधी नाक्यावर घासाघीस पाहिली आहे त्याला खोटी म्हणता येणार नाही. पण चिरीमिरी चालते ती निर्णय माणसाच्या हाती असतो तिथे. आकडा छापून आला, वेळ आणि ठिकाणासह नोंदला गेला, आणि लायसन्ससमोर लाल खूण उमटली, की हवालदाराकडे विकायला काही उरत नाही. उलट आज निलंबन महिन्यामहिन्यांनी, टेबलामागून टेबलावर जातं, तिथे लाच द्यायच्या जागा किती आहेत ते मोजा. आरोपीच्या हक्काचा प्रश्नही यातच सुटतो. निर्दोष माणूस अडकू नये म्हणून आरटीओची सुनावणी आहे, तीस दिवसांत अपील आहे. सुनावणी सात-आठ दिवसांत व्हावी अशी सक्ती करा, म्हणजे निरपराधाचं नुकसान आठवड्याचं राहील. गाडी चालवणं हा समाजाने अटींवर दिलेला परवाना आहे, आणि चौकशीपुरता तो थांबवणं हा अन्याय ठरत नाही.

राहतो तो खरा सराईत, ज्याला दारू सुटत नाही. त्याच्यापुढे सगळ्या धाकांची मर्यादा येते, हे मान्य केलं पाहिजे. धाक हिशेब करणाऱ्यावर चालतो, आणि व्यसनी माणूस संध्याकाळी सातनंतर हिशेब करत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्रात व्यसन हा आजार आहे ही समज रुजत आली आहे. निलंबनाचे विरोधक म्हणतात, आजारी माणसाला शिक्षा कसली करता? मी म्हणतो, आजार आहे म्हणूनच गाडी काढून घ्या, आणि ती परत मिळण्याची वाट उपचारातून जाऊ द्या. आज कलम १९ खाली निलंबित झालेलं लायसन्स परत मिळवायला चालकाला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. पण या माणसाला क्लच आणि ब्रेक येतातच. त्याला उजळणी वेगळ्या गोष्टीची हवी आहे. ब्रिटनमध्ये वारंवार किंवा फार जास्त पिऊन सापडलेल्याला वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. आपल्याही कायद्यात सराईत मद्यपीला अपात्र ठरवण्याचा अधिकार आरटीओला कित्येक वर्षांपासून आहे. दुसऱ्यांदा सापडलेला माणूस सराईत आहे की नाही हे डॉक्टरांकरवी तपासून घ्या, आणि उपचार सुरू असल्याचा पुरावा आल्याशिवाय नवं लायसन्स देऊ नका.

अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटा राज्याने २००५ पासून एक साधा प्रयोग केला: वारंवार सापडलेल्याने रोज सकाळ-संध्याकाळ येऊन यंत्रात फुंक मारायची, चुकला तर त्याच क्षणी एक-दोन दिवस कोठडी. नंतरच्या अभ्यासात असं दिसलं की जिथे हे राबलं त्या जिल्ह्यांत पुन्हा पिऊन चालवल्याच्या अटका सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे जामिनावरच्या आरोपीने ठाण्यात हजेरी लावायची रीत नवी नाही. त्या हजेरीत एक फुंक वाढवायला परदेशी तज्ज्ञ कशाला हवा? तिकडे गाडीत बसवतात ते श्वास तपासून मगच इंजिन सुरू करणारं यंत्रही परिणामकारक आहे. ते बसवलेलं असेपर्यंत पुन्हा सापडणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटतं, काढल्यावर परिणाम ओसरतो. पण आपल्याकडे दुचाकी इतक्या आहेत की ते सर्वांवरचं उत्तर होणार नाही. बस आणि ट्रकपुरती त्याची सक्ती करायला मात्र हरकत नसावी.

एक दुरुस्ती मात्र तातडीची आहे. निलंबन असताना गाडी चालवणाऱ्याला कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. पहिल्यांदाच पिऊन चालवणाऱ्याला कैद सहा महिन्यांपर्यंत, म्हणजे त्याच्या दुप्पट. कायद्याचा आदेश मोडणं मूळ गुन्ह्यापेक्षा स्वस्त ठेवलं, तर ‘पेट्रोलवर चालते’ म्हणणाऱ्याला आपणच बळ दिलं असं होतं. निलंबित अवस्थेत, आणि तेही पिऊन, सापडलेल्याला किमान कैद आणि गाडीची दीर्घ जप्ती दोन्ही असायला हवीत. कलम १८२ मधला बदल संसदेतून यावा लागेल. नाक्यावर लायसन्स घेणं, पावतीवर ‘वाहन चालवता येणार नाही’ असं मराठीत ठळक छापणं, श्वासाची नोंद थेट ‘सारथी’त टाकणं, आठवड्यात सुनावणी लावणं, निलंबित माणसाच्या हातची गाडी अडकवणं, हे सगळं गृह आणि परिवहन खात्यांनी ठरवलं तर आजच्या कायद्यात, या वर्षीच्या ३१ डिसेंबरच्या आत होऊ शकतं.